कॉम्प्युटर सायन्स झेपत नसेल तर शाखा बदलावी का?

रिकामी_ओळ
माझं मत सरळ आहे. डेटा स्ट्रक्चर्समध्ये (माहिती प्रोग्रॅममध्ये कशी रचून ठेवायची, तो विषय) दोनदा गचकलेल्याने शाखा बदलावी. लूप आणि अ‍ॅरे पाठ करून निघून जातात. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आले की पाठांतर संपतं. पुढची दोन वर्षं 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची एरर) बघत का काढायची? संगणकतज्ज्ञ जॉन बॅकसचंच बघा: रसायनशास्त्र शिकायला गेला, विद्यापीठाने काढून टाकलं; मग वैद्यकीय शिक्षणही सोडलं आणि शेवटी गणितात रमला. १९५७ची फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याच्याच चमूने बनवली.

उलट_तपासणी
अहो, बॅकस वर्गात फिरकतच नव्हता म्हणून त्याला काढलं! न झेपणं वेगळं, न करणं वेगळं. रिकर्शन अडतं तिथे बरेचदा मॅथेमॅटिकल इंडक्शन (गणितातली सिद्धतेची एक पद्धत) कच्चं असतं. दोन्हीकडे युक्ती एकच: लहान प्रश्न सुटलाय असं धरायचं आणि त्याच्या जोरावर मोठा सोडवायचा. हा पाया कच्चा ठेवून संख्याशास्त्रात गेलात तर तिथे सिद्धता नाहीत की काय?

रिकामी_ओळ
पाया पक्का करायला सेमिस्टर थांबतं का? अल्गोरिदम, डेटाबेस, कंपायलर, सगळं डेटा स्ट्रक्चर्स या एकाच विषयावर उभं. तो राहिला की पुढचं सगळं रखडतं.

उलट_तपासणी
मग एक सेमिस्टर कमी विषय घ्या. पदवी वेळेत मिळालीच पाहिजे हा हट्ट घरच्यांचा असतो, विषयाचा नव्हे.

निवांत
दोघंही मार्कांवरच अडलात. माझी कसोटी वेगळी आहे. १० लाख नोंदी क्रमाने लावायच्या तर बबल सॉर्ट या पद्धतीला जवळपास ५० हजार कोटी तुलना लागू शकतात, मर्ज सॉर्ट या दुसऱ्या पद्धतीचं २ कोटींच्या आत भागतं. हे ऐकून 'कसं काय?' असं वाटलं तर नापास झालात तरी राहा. 'बरं मग?' वाटलं तर पास झालात तरी निघा.

उलट_तपासणी
हे मात्र पटलं. (अर्धं.)

बॅकबेंचर
मला 'बरं मग?' वाटलं, आणि अल्गोरिदममध्ये वर्गात पहिला आहे. विषयावर प्रेम नसलं तरी काम चोख करणारे लोक असतात हो. अकाउंट्सवाल्यांना कोणी विचारतं का, ताळेबंद बघून कुतूहल वाटतं का म्हणून? उलट ज्याला रात्रभर बग शोधायला आवडतं पण परीक्षेत कागदावर कोड लिहिता येत नाही, त्याचं काय करायचं ते सांगा.

निवांत
त्याने राहावं. बदलायची असेल तर ती परीक्षा बदला.