म्हणी सांगायच्या नाहीत, दाखवायच्या आहेत. वस्तू कोणत्या घ्याव्यात?

ओसरीवरून
27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. पाचवी-सहावीच्या मुलांसमोर 40 मिनिटांत चार म्हणी करून दाखवायच्या आहेत: ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’, ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’, ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’ आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’. दोन शंका आहेत. सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, खरंच जाळून दाखवता येतो का? आणि एकादशीची म्हण भाविक घरांतल्या मुलांना टोचेल का?

पीळदार
येतो, आणि दाखवाच. नायलॉनची दोरी मात्र घेऊ नका. ती वितळून थेंब होते, राख उरतच नाही. काथ्याची किंवा निव्वळ सुती दोरी घ्या, बोटाएवढी जाड, वीतभर लांब, दोन-तीन पदरांची. घट्ट वळलेलीच हवी, सैल दोरी जळता जळता उकलते. दोन्ही टोकं बारीक तारेने बांधा, स्टीलच्या ताटात आडवी ठेवा आणि एक टोक पेटवा. ज्योत विझली तरी निखारा आतून पुढे सरकत राहतो. फुंकर घालू नका, वाऱ्यात ठेवू नका, पाण्याची बादली शेजारी असू द्या. याला वेळ लागतो, म्हणून तासाच्या सुरुवातीलाच लावा, आणि आदल्या दिवशी एकदा करून पाहा.

शेवटी ताटात राखेची दोरी पडलेली असते, वळसे मोजता येतील इतकी स्पष्ट. ती पूर्ण निवली की एका मुलाला बोट लावू द्या. भुरभुरते. हे बोट लावणं चुकवू नका, कारण त्या राखेने विहिरीतून तांब्याभरही पाणी निघणार नाही. ताकद सगळी गेली, ताठा तेवढा राहिला. हे मुलांना डोळ्यांनी कळतं.

कासारआळी
‘कळसा’ म्हटलं की मुलं देवळाचा कळस काढतात, ते आधी दुरुस्त करा. हा कळसा म्हणजे पाणी भरायची कळशी. कमरेवर टेकवायची, तिच्या गळ्याभोवती हाताचा वेढा घालायचा, की ती काखेत येते. अर्धी भरलेली द्या आणि मुलाला समोर बघत वर्गभर चालायला लावा. कळशी नजरेआड असते, वजन तेवढं लागतं. दोन फेऱ्यांनंतर तेही अंगवळणी पडतं. जवळची वस्तू विसरते ती अशी.

फराळी ताट
एकादशीच्या म्हणीला घाबरू नका. ती विठ्ठलाला बोलत नाही, उपासालाही नाही. नियम पाळून पळवाट काढणाऱ्या जिभेला बोलते, आणि ती भाविकांच्याच घरात जन्मलेली म्हण आहे. बाहेरच्याला हे इतकं बारीक दिसलं नसतं.

तराजू आणा, पण जिन्नस मोजण्यापुरता; तुलना कॅलरींची करा नि आकडे फळ्यावर लिहा. एकीकडे एका माणसाची खिचडी: 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचं कूट, 15 ग्रॅम तूप. झाल्या साधारण 570 कॅलरी. दुसरीकडे 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या नि पालेभाजी: साडेचारशेच्या आसपास. म्हणजे कॅलरीत रोजच्या जेवणापेक्षा उपासच जड, आणि अजून रताळ्याचा कीस नि दही वाढायचंच आहे.

मग ताटातल्या जिनसांची गावं विचारा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजलेली. ज्ञानेश्वरांच्या काळात (1275 ते 1296) यातलं काहीच इथे नव्हतं. ‘उपासाला चालतं’ ही यादी माणसांनी एकेक जिन्नस घालत वाढवली. शेवटी फळ्यावर शब्द फोडा: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. देवाजवळ राहायचं होतं, आपण स्वयंपाकघराजवळ राहिलो. मुलं हसतील, आणि हसू द्यावं. त्यातलं एकही हसू देवावर नसतं.

ओसरीवरून
तराजू मिळतोय, आभार. गणपतीचं तेवढं राहिलं.

शाडू-पाणी
दोन छोट्या मूर्ती चार-पाच दिवस आधी करा. पहिली घाईची: सोंड नुसती दाबून चिकटवा आणि थेट उन्हात ठेवा. बारीक सोंड लवकर सुकून आकसते, जाड डोकं ओलंच राहतं, नि सांध्याला भेग जाते. सोंड गळली की उरतात फुगीर गाल आणि पुढे आलेलं तोंड. झाला मारुती.

दुसऱ्या मूर्तीत दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडा, त्याच शाडूचा पातळ चिखल लावून सोंड जोडा, टोक पोटाला टेकवा म्हणजे भार खाली उतरतो. सोंडेवर ओलसर फडकं टाकून मूर्ती सावलीत सुकवा, म्हणजे सोंड नि डोकं बरोबरीने वाळतं. गळलेली सोंड टाकून देऊ नका. तशीच मारुतीशेजारी ठेवा, सांध्याची भेग मुलांना जवळून बघता येईल.