मदत हवी आहे : टिक फिव्हर बरा झाला, पण अँटिबॉडीची टेस्ट अजून पॉझिटिव्ह

आमची चिंगी, गावठी कुत्री, वय पाच वर्षं. आम्ही सहकारनगरला राहतो. पावसाळ्यात गोचिडांमुळे तिला एर्लिकिया, म्हणजे टिक फिव्हर झाला. ताप, खाणं बंद, हिरड्यांवर लाल ठिपके, प्लेटलेट्स चाळीस हजारांपर्यंत घसरलेल्या. फार घाबरलो होतो. डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स पूर्ण केला. आता ती व्यवस्थित जेवते, तळजाईवर पळते, प्लेटलेट्सही अडीच लाखांच्या वर आहेत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं, तिथे किटवर एर्लिकियाची रेघ पुन्हा उमटली. ‘जंतू अजून अंगात आहेत, परत महिनाभर गोळ्या द्या’ असं सांगितलं. त्या गोळ्यांनी तिला फार उलट्या होतात, म्हणून जीव धजावत नाही. किट नुसतं हो किंवा नाही सांगतं. मग टायटर करून अँटिबॉडीचं प्रमाण बघावं की थेट जंतू शोधणारी पीसीआर? शिवाय ती डबक्यांत शिरते म्हणून लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) तपासणी सुचवली आहे. लेप्टोची लस चार महिन्यांपूर्वीच झाली आहे, त्याने रिपोर्ट चुकेल का? पुण्यात कोणी हे करून घेतलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, एवढ्यावरून गोळ्या सुरू करू नका. किटची रेघ म्हणजे अँटिबॉडी. त्या उपचारानंतरही कित्येक महिने, काहींच्यात वर्षाच्या वर राहतात. जंतू आहेत का ते पीसीआर सांगते. त्यासाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. पीसीआर निगेटिव्ह आली तरी प्लेटलेट्सवर लक्ष ठेवा, कारण जंतू प्लीहेत दडून राहू शकतात. टायटर करायचाच तर काही महिन्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा करा, उतरतोय का ते कळेल.

लेप्टोच्या मॅट या अँटिबॉडी मोजणाऱ्या टेस्टमध्ये लसीच्या अँटिबॉडीही दिसतात. म्हणून आजार असल्याची शंका असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त देतात. टायटर चौपट वाढला तर संसर्ग धरतात. चिंगीला ताप, कावीळ काहीच नसेल तर आत्ता त्याची घाई कशाला? आधी पहिल्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवा.

धागाकर्ती

खूप धीर आला. पीसीआरचं त्यांच्याशीच बोलते. सॅम्पल घेणारी लॅब सहकारनगर, धनकवडी भागात कुणाला माहीत आहे का?