झेंडूला रासायनिक खत घातलं तर पाप लागतं का?

गिरगावकर (धागाकर्ता)
दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात भाव ऐकून हात हलवत परत यायचं, त्यापेक्षा खिडकीच्या ग्रिलमध्येच गोंडा (म्हणजे झेंडूच) लावू म्हटलं. पहिली दोन वर्षं कडक सोवळं : कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड. झाडं कमरेला लागली आणि फुलं आली सात! यंदा कळी धरायच्या सुमारास दर दहा दिवसांनी लिटरभर पाण्यात एक ग्रॅम ०:५२:३४ दिलं (पुडीत मिळणारं रासायनिक खत : नत्र शून्य, बाकी स्फुरद आणि पालाश). सहा कुंड्यांत दाराचं तोरण झालं. आता सोसायटीच्या ग्रुपवर मी 'विषवाला'. अहो, गोंड्याची काय भाजी करायची आहे?

कुंडीतली माती
भाजी करायची नाही, पण मुळं त्याच कुंडीत जगतात ना? जमिनीत जास्तीचे क्षार खाली झिरपतात, दहा इंची कुंडीत जाणार कुठे? काठावर पांढरी पुटं दिसतील, मग पानांची टोकं करपतील. स्फुरद वारेमाप झालं की झाडाला लोह आणि जस्त नीट घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग तुम्ही आणखी एक पुडी आणणार.

गिरगावकर
एक ग्रॅम म्हणालो, पोतं नाही.

मुलुंडचा भाचा
मी काकांच्या बाजूने. युरियात ४६ टक्के नत्र असतं, गांडूळखतात जेमतेम दीड-दोन. शिवाय सेंद्रिय खत जिवाणूंनी कुजवल्याशिवाय झाडाला मिळत नाही. दसरा जिवाणूंसाठी थांबत नाही. फक्त युरियाच्या नादी लागू नका, नुसता पाला वाढतो.

कुंडीतली माती
आणि जुलैच्या पावसात युरिया राहतो किती? कुंडीखालच्या भोकातून खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर! (आमच्याकडे यावरून भांडण झालंय.) कंपोस्ट पाणी धरतं आणि अन्नही. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, गणपती-नवरात्रातलं निर्माल्य, म्हणजे बहुतेक झेंडूच, त्यातच जातं. दोरा आणि जरीच्या पट्ट्या काढायचं काम मात्र माझ्याच गळ्यात. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने (स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं) पालापाचोळ्यातून माती घडवायला शिकवलं, ते गच्चीवरही चालतं.

आरे रोड
खड्ड्यातलं नीट कुजलेलं असेल तर ठीक. मी तबेल्यातून शेणखत आणलं, अर्धकच्चं निघालं. रोपं करपली, वर हुमणी (मुळं खाणारी अळी). 'सेंद्रिय' म्हटलं की डोळे मिटून घालायचं, हेही सोवळंच.

उन्हाचा हिशेब
काका, जरा सरळ विचारते. त्या दोन वर्षांत रोपं कुठली होती? कुंड्या कुठे होत्या? शेंडे खुडले होते का?

गिरगावकर
आधी दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून बी पेरायचो. यंदा नर्सरीतून रोपं आणली. कुंड्या त्याच खिडकीत, पण समोरचा गुलमोहर पावसात पडला, त्यामुळे ऊन बरंच येतं. शेंडे... हो, यंदा पहिल्यांदाच खुडले. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं.

उन्हाचा हिशेब
म्हणजे जात बदलली, ऊन वाढलं, फांद्या वाढल्या आणि श्रेय पुडीला! बाजारातली मोठी केशरी फुलं बहुतेक संकरित, त्यांच्या बियांतून आईसारखं झाड येईलच असं नाही. शेंडा खुडला की बगलफुटी येतात, जितक्या फांद्या तितक्या कळ्या. आणि दिवसाला पाच-सहा तास ऊन नसेल तर शेणखत काय नि ०:५२:३४ काय, झाड उंचच होणार. तुमचं कमरेएवढं झाड सावलीत मान उंचावत होतं.

मुलुंडचा भाचा
पण कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं, त्याचं काय? काहीतरी द्यावं लागणारच.

उन्हाचा हिशेब
द्या की. मी दोन्ही देते : लावताना कंपोस्ट, कळीच्या वेळी दोनदा पातळ द्रावण. त्यावर कीर्तन नको, एवढंच.

कुंडीतली माती
दोन्ही देणाऱ्यांमुळेच दोन्हींची परीक्षा होत नाही.

गिरगावकर
बरं. एकाच नर्सरीची सहा रोपं, एकच खिडकी, एकाच दिवशी खुडायची. तीन कुंड्या तुमच्या खतावर, तीन माझ्या पुडीवर. बियांपासून फुलाला दोन-अडीच महिने लागतात, तेव्हा आषाढातच या. येताना कंपोस्ट घेऊन या, दोऱ्याशिवाय.