मदत हवी आहे: ‘अंडर नाईट २’ आवडलाय, पण खेळायला माणसं कुठून आणू?

खटपट्या_सांगली

नमस्कार मंडळी,

सध्या काय खेळताय असं कुणी विचारलं की क्रिकेट, गाड्या आणि बंदुका यांच्यापलीकडे उत्तरं येत नाहीत, म्हणून जरा बिचकतच हा धागा काढतोय. मी सध्या ‘अंडर नाईट इन-बर्थ २’ खेळतोय. जानेवारी २०२४ मध्ये आलेला जपानी फायटिंग गेम, बनवणारे ‘फ्रेंच ब्रेड’. कंपनीचं नाव बेकरीचं आणि धंदा हाणामारीचा, यावर बायकोने मारायचे ते सगळे विनोद मारून झालेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समोरासमोर दोघे, हातांनी काढलेल्या चित्रांसारखी पात्रं, स्ट्रीट फायटरसारख्याच चाली. वेगळेपण आहे ते पडद्याच्या तळाशी असलेल्या ‘ग्रिड’ नावाच्या प्रकारात. ही सरळसरळ रस्सीखेच आहे. पुढे चालत गेलात तर तुमचे ठोकळे वाढतात, मागे पळत राहिलात तर घटतात. मधलं वर्तुळ दर १५-२० सेकंदांनी भरतं आणि त्या क्षणी ज्याचे ठोकळे जास्त, त्याला ‘व्हॉर्पल’ मिळतं. मग त्याचे फटके जास्त लागतात. त्यामुळे कोपऱ्यात दडून बसणाऱ्याला हा गेम आपणहून शिक्षा देतो. मला हे फारच पटलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे साधे फटके वाटेल त्या क्रमाने जोडता येतात. हलका, मध्यम, जड असंच गेलं पाहिजे असं नाही. जडवरून परत हलक्यावर या, चालतं, फक्त एका साखळीत तोच फटका पुन्हा वापरता येत नाही. माझं पात्र वाल्डस्टाईन. धिप्पाड म्हातारा, पंजे दाराएवढे, चालतो गोगलगायीच्या वेगाने.

आता अडचण. रँक्डमध्ये (अनोळखी माणसांशी ऑनलाइन गुणांसाठीचे सामने) शोध लावून ठेवला की चहा करून, पिऊन, कप विसळून होतो तरी कुणी सापडत नाही. पोरं झोपल्यावर अकराच्या पुढेच वेळ मिळतो. कधीतरी कुणी सापडलंच तर सामना असा अडखळतो की वाल्डस्टाईन आणखीच म्हातारा वाटायला लागतो. ऑफिसातला एक जण म्हणतो, ‘मेलेला गेम आहे, स्ट्रीट फायटर ६ घे.’

तर जाणकारांनी सांगावं: असले कमी चालणारे गेम लोक नेमके खेळतात कसे? भारतातून कुठल्या देशापर्यंत नेट धड चालतं? लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळतोय, त्यावर पैसे घालायची गरज आहे का? आणि गेम बदलावा का?

आगाऊ धन्यवाद. भांडणं करून धाग्याचं काश्मीर करू नका, ही नम्र विनंती.

पार्लरवाला

बदला हो, बिनधास्त बदला. जून २०२३ मध्ये आलेला स्ट्रीट फायटर ६ मध्यरात्रीही मिनिटभरात माणूस शोधून देतो. पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स सगळे एकमेकांशी खेळतात. ज्यांना चाली जमत नाहीत त्यांना ‘मॉडर्न’ कंट्रोल आहेत, एका बटणावर हाडुकेनसारखी चाल.

मी आमच्या गावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यावर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ आणि ‘मुस्तफा’ खेळून वाया गेलेला माणूस आहे. तेव्हा मागे दहा पोरं उभी असायची, आपण हरलो की पुढचा नाणं टाकायला टपलेला. गर्दी नसेल तर फायटिंग गेमला अर्थ नाही, हे आपलं स्पष्ट मत.

ठाण्याची_अकिरा

पार्लरवाले, त्या दहा पोरांपैकी रोज येणारी चारच असणार ना? तीच चार एकमेकांना मारून तयार झाली. ऑनलाइन हजारो लोक आहेत म्हणून तेवढेच हजार शत्रू मिळतात असं नाही. बहुतेकांशी एकदा खेळायचं, हरायचं, पुढे चालू. समोरचा काय विचार करतो हे कळायच्या आत तो गायब.

पाकिस्तानचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये अर्सलान ॲश नावाचा लाहोरचा मुलगा टेकन ७ मध्ये आधी ‘एव्हो जपान’ आणि मग लास वेगासचा ‘एव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा जिंकून गेला, तोपर्यंत तिथे इतके तगडे खेळाडू आहेत हे बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. ही मंडळी आपापसात खेळूनच घडली होती.

मी स्वतः सध्या ‘व्हर्चुआ फायटर ५ रेवो’ खेळतेय, जानेवारी २०२५ मध्ये स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आला. तीन बटणं: ठोसा, लाथ, अडव. भरत जाणारं मीटर नाही, ते खर्चून मारायची ‘सुपर’ चाल नाही, डोळे दिपवणारं काही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल गेम अर्धाच बनवलाय. पण अकिरा या पात्राचा तो प्रसिद्ध गुडघा मारायला लाथ आणि अडव एकत्र दाबून एका फ्रेमनंतर (सेकंदाचा साठावा भाग) अडव सोडायचं असतं, तेव्हा साधेपणाचा गैरसमज दूर होतो. मला तो अजून दर वेळी येतोच असं नाही आणि आला की शेजारच्यांना कळतं.

कीबोर्डबद्दल: फायटिंग गेमसाठी कीबोर्ड वाईट नाही, उलट चांगला आहे. लोक महागडे ‘लीव्हरलेस’ कंट्रोलर घेतात, त्यांत मुळात दांडीऐवजी दिशांचीही बटणंच असतात. बाणांच्या कळा मात्र सोडा. डावी, खाली, उजवी डाव्या हाताच्या तीन बोटांवर ठेवा आणि उडी स्पेसबारवर, अंगठ्याखाली. मग २३६ ही चाल म्हणजे खाली दाबून धरायचं, उजवी दाबायची, खालची सोडायची. (अंक नंबरपॅडवरच्या जागांप्रमाणे वाचायचे, ५ म्हणजे मोकळं. गाईड वाचताना लागेल.)

एकच तपासा. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी गिळली जाते. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट दाखवण्याची सोय चालू करा आणि खाली-उजवी धरून प्रत्येक फटक्याचं बटण दाबून बघा. गिळत असेल तर आधी बटणं दुसऱ्या कळांवर हलवा. तरीही नाही जमलं तरच पैसे घाला.

नेटवर्क_काका

अडखळण्याबद्दल मी बोलतो, बाकी मला वाल्डस्टाईन आणि आइनस्टाईन सारखेच.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतात. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. जुन्या पद्धतीत तुम्ही बटण दाबलं की समोरच्याचं बटण पोचेपर्यंत गेम थांबायचा, नेट हललं की सगळंच जड. ‘रोलबॅक’ पद्धतीत गेम थांबत नाही. समोरचा मघाशी जे करत होता तेच करतोय असं धरून पुढे जातो आणि खरी माहिती आल्यावर अंदाज चुकलेला दिसला तर मागे जाऊन तेवढ्या फ्रेम नव्याने मोजतो. टोनी कॅनन नावाच्या माणसाने २००६ मध्ये एका स्ट्रीट फायटरच्या ऑनलाइन आवृत्तीला वैतागून ‘जीजीपीओ’ लिहिलं, तिथून हे पसरलं. २०१९ मध्ये ते सगळ्यांना मोफत खुलं झालं. तुमच्या मालिकेचे आधीचे भाग थांबणाऱ्या पद्धतीचे होते, या दुसऱ्या भागात रोलबॅक आहे. म्हणजे गेमकडून काम झालंय.

मुंबईहून सिंगापूरला पिंग (माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण ६० ते ८० मिलिसेकंद असतो. जाऊन-येऊन चार-पाच फ्रेम, एका बाजूचे दोन-अडीच. हे सहज लपतं. टोकियो १२० ते १५० धरा. जाणवतं, पण खेळता येतं. दुबई सिंगापूरपेक्षाही जवळ. अमेरिका विसरा.

पण पिंग जास्त असण्यापेक्षा तो सतत बदलत राहणं घातक. ४० वरून मध्येच २०० आणि परत ४० झाला की रोलबॅकचे अंदाज कोलमडतात आणि पात्रं टेलिपोर्ट व्हायला लागतात. याचं कारण दहापैकी आठ वेळा घरातलं वायफाय असतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाका. लॅपटॉपला सॉकेट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. प्लॅन वाढवू नका, या गेमला वेग फारसा लागत नाही, स्थैर्य लागतं.

निशिकासाईकर

टोकियोहून नमस्कार. आमच्या निशिकासाईत मराठी पुष्कळ, पण फायटिंग गेमवाला मी एकटाच असावा असं वाटत होतं.

खटपट्या, तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची ओळ कुणी धरलीच नाही. तुम्ही अकराच्या पुढे खेळता. जपान साडेतीन तास पुढे आहे. तुमचे अकरा म्हणजे आमचे मध्यरात्रीनंतरचे अडीच. सिंगापूरला दीड. जे तुम्हाला नीट जोडू शकतात ते सगळे घोरत पडलेले असतात. मग जो सापडतो तो अर्ध्या जगापलीकडचा आणि सामना अडखळतो. गेम मेलेला नाही, तुमची वेळ मेलेली आहे. शनिवार-रविवार दुपारी चारला बसून बघा, आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात असतात. रात्रीच खेळायचं असेल तर पश्चिमेकडे बघा. दुबईत तेव्हा जेमतेम साडेनऊ झालेले असतात.

ही मालिका २०१२ मध्ये इथल्या आर्केडमध्ये सुरू झाली. ताकादानोबाबाला ‘मिकाडो’ नावाचं गेम सेंटर आहे, तिथे वीस-पंचवीस वर्षं जुन्या, नावही न ऐकलेल्या फायटिंग गेमच्या स्पर्धा अजून भरतात. ठरल्या दिवशी ठरलेली माणसं येतात, खेळतात, शेवटची गाडी पकडून घरी. बाकीचे दिवस ते मशीन रिकामं असलं तरी त्याला कुणी मेलेलं म्हणत नाही.

अर्धवट_कॉम्बो

मी हेच लिहायला आलो होतो. छोटे गेम रँक्डवर खेळायचेच नसतात, वेळ ठरवून खेळायचे असतात. जवळजवळ प्रत्येक गेमचा डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप) सर्व्हर असतो, बहुतेकांत प्रदेशानुसार वेगळे कट्टे असतात. तिथे ‘सांगली, केबल, नवशिक्या, वाल्डस्टाईन, इतक्या वाजता’ एवढंच टाका. नवशिक्या हा शब्द जरूर लिहा. या लोकांना नवीन माणूस दिसला की सणासुदीचा आनंद होतो, मारतात पण आणि शिकवतात पण. एका माणसाबरोबर लागोपाठ दहा सामने खेळा, मग दुसरा शोधा. फ्रेम डेटा (कुठली चाल किती फ्रेमची) आणि कॉम्बो (सलग लागणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या) ‘मिझूमी’ विकीवर आहेत.

माझं सध्याचं खेळणं: ‘फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वुल्व्हज’. १९९९ च्या ‘मार्क ऑफ द वुल्व्हज’नंतर २६ वर्षांनी, २०२५ मध्ये आलेला पुढचा भाग. आपल्या लाइफ बारचा कुठला तुकडा ताकदीचा ठेवायचा, सुरुवातीचा, मधला की शेवटचा, हे सामन्याआधीच ठरवायचं असतं. मी शेवटचा ठेवतो, त्यामुळे हरता हरता भयंकर होतो. ‘रेव्ह’ चाली बेफाम वापरल्या की मीटर तापून बंद पडतो आणि मग गयावया. आत क्रिस्तियानो रोनाल्डोसुद्धा आहे, खराखुरा फुटबॉलवाला. का आहे हे विचारू नका. पात्र म्हणून बरा आहे, हे कबूल करताना त्रास होतो.

पार्लरवाला

रोनाल्डो??

बरं, धागा वाचून थोडा मवाळ झालोय. पण अकराला पोरं झोपल्यावर एकच तास मिळणाऱ्या माणसाला अपॉइंटमेंट घेऊन मारामारी करायला सांगणं जरा जास्तच नाही का?

ठाण्याची_अकिरा

बॅडमिंटनचा कोर्ट बुक करतोच की आपण.

खटपट्या_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. केबल टाकली, हॉलमधून आडवी गेलीय म्हणून घरात वातावरण तंग आहे. शनिवारी चार वाजता बसलो तर खरंच माणसं सापडली. दोन जपानी आणि एक बहुधा मलेशियाचा, तिघांनीही धू धू धुतलं, पण अडखळला एकही नाही. मलेशियावाला तर सामना संपला की परत ‘पुन्हा’ दाबायचा. बटणं हलवली, स्पेसबारवरची उडी अजून अंगवळणी पडायचीय.

गेम बदलत नाही. स्ट्रीट फायटर सेल लागला की बघू.

आता पुढचा प्रश्न. व्हॉर्पल मिळतं, पण त्याचं करायचं काय हे कळत नाही. मिळालं की मी उत्साहाने अंगावर जातो आणि मार खातो.

निशिकासाईकर

व्हॉर्पल हातात असताना ग्रिडचं बटण दोनदा दाबा. ‘चेन शिफ्ट’ होतं: पडदा क्षणभर थांबतो, ग्रिडचे ठोकळे सुपरच्या मीटरमध्ये बदलतात आणि चालू असलेली चालही तोडता येते. नवशिक्यासाठी सोपा नियम म्हणजे फटका लागला की वापरा, उगाच साठवू नका. पडदा थांबतो तेवढ्यात समोरचा काय करतोय हेही दिसतं, तो फायदा वेगळा.

आणि तुमच्या वाल्डस्टाईनने धावायचंच नाही. त्याचा हात लांब आहे. मधल्या अंतरावर उभं राहायचं, एक-एक पाऊल पुढे टाकायचं, ठोकळे आपोआप वाढतात. समोरचा वैतागून उडी मारतो, तेव्हा पंजा. मला लोक असंच मारतात म्हणून माहीत आहे.

खटपट्या_सांगली

हे करून बघतो. येत्या रविवारी भारतीय वेळेनुसार चारला लॉबी (आपल्यापुरती ऑनलाइन खोली) उघडतोय. निशिकासाईकर, अर्धवट, याल का? पासवर्ड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पार्लरवाले, तुम्हीही या, सेलमध्ये स्वस्त झाला की घ्या.

चकली_बटण

वाचनमात्र होते, आज लिहितेय. माझ्याकडे निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आहे हा गेम, मी येऊ का?

अर्धवट_कॉम्बो

स्विचवाले स्टीमवाल्यांशी जोडले जात नाहीत हो ताई, तीच तर बोंब आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, स्विचवाला एक जण माझ्या ओळखीत आहे. तोही माणसंच शोधतोय.