खेळाडूचा पगार आणि आमची वर्गणी

मागची रांग

आपल्या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात परवा कलेक्टिव्हसाठी, म्हणजे फुटबॉल संघाच्या खेळाडूंना पैसे देण्यासाठी चाहत्यांनी काढलेल्या निधीसाठी, एक आवाहन फिरले: "महिन्याला पंचवीस डॉलर कलेक्टिव्हला द्या, तेवढे देववत नसतील तर शनिवारी संघ हरल्यावर रडू नका." ते वाचून गप्प बसवले नाही, म्हणून इथे, टोपणनावानेच, सविस्तर लिहितो.

कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळू नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. १ जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले, ते उशिराच झाले. पण त्याचा अर्थ एवढाच होता, की एखाद्या मोटारविक्रेत्याला जाहिरातीत संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, हवा असेल तर त्याने त्याचे पैसे मोजावेत. प्रत्यक्षात धनिक चाहत्यांनी कलेक्टिव्ह काढली, आमच्यासारख्यांकडून वर्गणी गोळा केली आणि जाहिरातीच्या नावाखाली पगार वाटायला सुरुवात केली. आता तर खेळाडूंनी भरलेल्या 'हाउस' खटल्यातील तडजोडीनुसार, ती स्वीकारलेले प्रत्येक विद्यापीठ २०२५-२६ पासून स्वतःच्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देऊ शकते, पहिल्याच वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मग झोळी अजून आमच्याच दारात का?

या वर्षी एकाच आठवड्यात मला तीन पत्रे आली. पहिले सीझन तिकिटाच्या वाढीव दराचे, दुसरे त्याच दोन जागांचा हक्क टिकवण्यासाठी द्यायच्या 'देणगी'चे आणि तिसरे कलेक्टिव्हचे. जागा म्हणजे ॲल्युमिनियमच्या बाकावर रंगाने आखलेली वीतभर पट्टी. नोव्हेंबरात खाली घोंगडी घातल्याशिवाय तिच्यावर टेकवत नाही.

शनिवारकर

ते आवाहन मीच लिहिले होते आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०२४ च्या फुटबॉल संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, हे त्यांच्या क्रीडा संचालकांनीच सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडताच आपला चांगला खेळाडू दुसरा कुणी उचलून नेणार, हे ठाऊक असूनही आपण तत्त्वे कुरवाळत बसायचे का? मांडवात पुढे उभे राहून आरती म्हणायची, प्रसाद दोनदा घ्यायचा आणि पावतीपुस्तक दिसताच चपला शोधायच्या, असा हा प्रकार आहे. मी दोन वर्षे महिन्याला पन्नास डॉलर दिले आहेत.

लेखाजोखा

शनिवारकर, मांडवाचा जमाखर्च निदान फलकावर तरी लागतो. तुमच्या कलेक्टिव्हने तो कधी दाखवला? मी करविवरणपत्रे भरण्याचे काम करते. कलेक्टिव्हला दिलेले पैसे धर्मादाय समजून वजावट मागणारे चाहते माझ्याकडे दर वर्षी येतात. जून २०२३ मध्ये करखात्याने मत दिले, की अशा संस्थांचा लाभ मुख्यतः खेळाडूंना खाजगीरीत्या मिळतो, त्यामुळे बहुतेक कलेक्टिव्ह करमुक्तीस पात्र ठरत नाहीत. जागेच्या हक्कासाठीच्या देणगीवर पूर्वी ८० टक्के वजावट मिळे. तीही २०१७ च्या कायद्याने गेली. तेव्हा पगार द्यायचा तर खुशाल द्या, पण त्याला देणगी म्हणू नका.

माजी टीए

सर्वांचा मान राखून विचारतो: मी चार वर्षे टीए, म्हणजे शिकता शिकता शिकवणारा सहाय्यक, म्हणून कॅल्क्युलसचे तीन-तीन वर्ग शिकवले, वह्या तपासल्या आणि तुटपुंज्या मानधनातून विद्यापीठाचेच शुल्क भरले. माझ्यासाठी कोणी पंचवीस डॉलर मागितले होते?

शनिवारकर

तुमच्या वर्गाला एक लाख लोक तिकीट काढून येत होते का?

माजी टीए

ही भाषा आपल्याला शोभत नाही. तुमचे ते लाख लोक ज्यांना पाहायला येत, त्यांच्यापैकी सहा जण माझ्या वर्गात होते. त्यांतला एक लाइनमन, म्हणजे संघाच्या पुढच्या फळीतला खेळाडू, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून शंका विचारायला येई आणि ती वितळून माझ्या टेबलावर पाणी साचे. नाताळात घरी जायला त्याच्याकडे विमानाचे पैसे नव्हते आणि मी तिकीट काढून दिले असते तर तो कॉलेज खेळांच्या नियमांचा भंग ठरला असता. त्याला पैसे मिळायलाच हवे होते, पण ते माझ्या खिशातून नव्हे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा उरलेल्या कराराचे सात कोटी डॉलरहून अधिक देणे निघाले. प्रशिक्षकाला घरी बसवण्यासाठी एवढे पैसे सापडतात, तर टीएसाठी…

लेखाजोखा

टीएंचा वेगळा धागा काढावा, ही विनंती. मात्र लाइनमनचा मुद्दा मी विसरणार नाही.

मागची रांग

शनिवारकरांनी टेनेसी विद्यापीठाकडे पाहावे. तिथे २०२५ च्या सीझन तिकिटांवर खेळाडूंच्या पैशांसाठी १० टक्के 'टॅलेंट फी' लावली आणि एप्रिलमध्ये, पैशांच्या वाटाघाटींच्या बातम्या सुरू असतानाच, क्वार्टरबॅक निको इआमालेआवा संघातून बाहेर पडून पुढे यूसीएलए या विद्यापीठात गेला. त्या मुलाला मी दोष देत नाही. नोकरी बदलताना मीही कधी जुन्या साहेबांच्या भावनांचा विचार केला नव्हता. पण त्याची नोकरी असेल, तर माझी वर्गणी कसली?

शनिवारकर

टॅलेंट फी निदान उघड सांगून लावलेली असते, एवढे तुमच्या बाजूने लिहून घ्या. कलेक्टिव्हने वर्षाचा हिशेब सभासदांना पाठवावा, हेही मान्य. मी स्वतः मागेन आणि उत्तर आले नाही तर पन्नासचे पंचवीस करेन. आता खूश?

तिसरे पत्र फाडा, पण दुसऱ्या पत्रातले पैसे भरा, नाहीतर तो बाक जाईल आणि तुमच्या घोंगडीवर मला बसता येणार नाही. पहिल्या सामन्याला पार्किंगमध्ये नेहमीच्या जागी बटाटेवडे असतील. माणशी दहा डॉलर, आगाऊ. टीएसाहेबांना माफ.

माजी टीए

माफी नको. दहा डॉलर पाठवले आहेत, पावती द्यावी.