शाळेच्या मिशनरी संस्थापकांविषयी स्मरणिकेत कसे लिहावे?

प्रश्न : मलप्रभाकाठ

सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी शिकलो आणि १९८४ साली तेथूनच एस.एस.एल.सी. (दहावी) झालो. ही शाळा जून १९६७ मध्ये सुरू झाली. साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून आम्ही माजी विद्यार्थी स्मरणिका काढत आहोत आणि संस्थापकांवरचा मुख्य लेख माझ्याकडे आला आहे. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते, गोव्याहून आले होते आणि आम्ही त्यांना ‘पाद्री सर’ म्हणत असू. ते आता हयात नाहीत. त्यांच्या नातलगांशी माझे अजून बोलणे झालेले नाही, म्हणून त्यांचे किंवा गावाचे नाव येथे देत नाही.

माझ्याजवळ ज्या आठवणी आहेत, त्या तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाच्या आहेत. शाळा उघडण्याआधी, पहिला पाऊस पडून गेलेला असताना, पाद्री सर वाडीवाडीवर फिरत. जाईल तिथपर्यंत सायकल, आणि पुढे ओढा आडवा आला की ती कुणाच्या तरी गोठ्यात ठेवून पायी. ओसरीवर बसून ते सातवी झालेल्या मुलामुलींची चौकशी करीत आणि खिशातल्या छोट्या वहीत टिपून घेत. भातलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असे. त्या गैरहजेरीवरून त्यांनी कुणाला बोल लावला नाही. लावणी आटोपली की संध्याकाळी गॅसबत्ती लावून ते गणित आणि इंग्रजीचे राहिलेले धडे पुन्हा घेत.

मनावर सर्वांत ठसली आहे ती कन्नडच्या तासाची आठवण. आम्हां मराठी मुलांना त्या विषयाची धास्ती होती. शिक्षण खात्याची परिपत्रके कन्नडमधून येत आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेणे पाद्री सरांना रुचत नसे, म्हणून पन्नाशी ओलांडलेले ते गृहस्थ आमच्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर वही घेऊन बसू लागले. कन्नडचे गुरुजी त्यांच्याच हाताखालचे शिक्षक होते. पण त्या तासाला पाद्री सर उभे राहून उत्तर देत आणि चुकले, तर आमच्याबरोबर तो शब्द पाच वेळा लिहून दाखवीत.

अडचण अशी आहे की समितीत दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे आहे की ‘थोर शिक्षणप्रेमी’ एवढेच लिहावे आणि ते मिशनरी होते ही गोष्ट पुढे आणू नये, कारण त्यावरून आज विनाकारण वाद होतील. दुसऱ्यांना वाटते की ते धर्मकार्यासाठीच आले होते, तेव्हा त्यांचा एवढा गौरव कशाला करायचा? मला दोन्ही पटत नाही, पण लेखाला कोणत्या बाजूने हात घालावा हे उमगत नाही. या भागातल्या मिशनरी शाळांचा इतिहास ज्यांना माहीत आहे किंवा अशा शाळेत ज्यांनी काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुनी कागदपत्रे

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक स्मरणिकांमध्ये हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

पाद्री सर मिशनरी होते ही गोष्ट वगळली, तर ते गोवा सोडून या पावसात का आले याचे उत्तरच लेखात उरणार नाही. बेळगावला याची फार जुनी परंपरा आहे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून येथे आले. त्यांच्यामागून विल्यम बेनन आले. बेनन आणि स्मिथ या मिशनऱ्यांची नावे आजही बेळगावच्या बेननस्मिथ हायस्कूलच्या नावात टिकून आहेत. १९०४ मध्ये लंडन मिशनने येथील काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या हाती सोपवले. कॅथलिकांची वाट वेगळी होती. सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासूनचे आहे आणि बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश, १९५३ मध्ये झाला. आपण लोक दोघांनाही ‘पाद्री’ म्हणतो, पण लेख लिहिताना आपले संस्थापक कोणत्या पंथाचे आणि कोणत्या संघाचे होते हे आधी निश्चित करावे, कारण कागद कुठे शोधायचे हे त्यावरच ठरते. लंडन मिशनची कागदपत्रे लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. गोव्याहून आलेल्या कॅथलिक धर्मगुरूंविषयी त्यांच्या संघाच्या मुख्यालयात किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात पत्राने विचारावे लागेल.

एक सावधगिरी सांगतो. मिशनऱ्यांचे जुने अहवाल वर्गणी देणाऱ्या दूरच्या लोकांसाठी लिहिलेले असत. त्यामुळे धर्मोपदेशाचे वर्णन त्यांत विस्ताराने येते आणि एखाद्या शिक्षकाने अपूर्णांक शिकवण्यासाठी घेतलेली मेहनत एका ओळीतही येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मिशन शाळांत बायबलचा तास उघडपणे असे. पालकांना ते ठाऊक होते आणि तरीही ते इंग्रजी व हिशेब शिकण्यासाठी मुलांना पाठवीत, म्हणजे त्या व्यवहारात पालकांचेही स्वतःचे मत होते. आपल्या लेखात पालकांना केवळ भोळे दाखवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आपली शाळा तर राज्यघटनेनंतरची आहे. कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला, आणि कलम २८ ने सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय, अल्पवयीन मूल असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही असे ठरवले. पाद्री सरांनी हे कसे पाळले, प्रार्थना कोणती होती, ख्रिस्ती नसलेली मुले त्या वेळी काय करीत, हे तुम्हीच डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढे जसेच्या तसे लिहिले, तर समितीतल्या दोन्ही बाजूंना उत्तर मिळेल.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, चिकोडी

मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत होतो, त्यांपैकी नऊ वर्षे मुख्याध्यापक म्हणून. त्या अनुभवावरून सांगतो की संस्थापकाचे चरित्र लिहायचे असेल, तर प्रथम शाळेच्या कपाटाची किल्ली मागावी.

जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, काढून पहिल्या वर्षाची पाने वाचा. विद्यार्थ्याचे जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने तिच्यात असतात. पहिल्या तुकडीत मुली किती होत्या, कोणकोणत्या वाड्यांतून मुले आली आणि पाच वर्षांनी त्या वाड्यांची संख्या वाढली का, हे मोजून काढता येईल. पाद्री सर सायकलवरून फिरत होते हे आपण लिहालच, पण त्या फिरण्याने किती घरांतली मुले शाळेत आली हे त्या पानांवरून दिसेल. नोंदींत जातीचा रकानाही असतो. तो आणि कुणाचीही खासगी माहिती स्मरणिकेत छापू नये.

दुसरी वस्तू म्हणजे शेरेबुक. तपासणीला आलेले अधिकारी त्यात शेरे लिहून जातात. आपली शाळा १९६७ ची आहे, त्यामुळे सुरुवातीचे शेरे म्हैसूर राज्याच्या शिक्कामोर्तबाचे असतील, कारण राज्याला कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ पासून मिळाले. इमारत अपुरी आहे, विज्ञानाचे साहित्य नाही, अमुक शिक्षक प्रशिक्षित नाही, असे शेरे वाचताना संस्थाचालकाची ओढाताण जेवढी कळते तेवढी गौरवपर भाषणांतून कळत नाही.

तिसरी गोष्ट पगाराची आहे आणि तिच्याकडे कृपया दुर्लक्ष करू नका. नव्या खासगी शाळेला मान्यता मिळाली म्हणजे लगेच अनुदान मिळते असे नाही. मधल्या वर्षांत शिक्षकांचे पगार कुणी दिले, ते पूर्ण दिले का, वेळेवर दिले का? मी पाहिले आहे की एकाच्या समर्पणाचा गौरव होतो आणि त्याच्याबरोबर अर्ध्या पगारावर राबलेले चार मराठी शिक्षक, ज्यांना घरसंसार होता, ते फोटोतसुद्धा नसतात. पाद्री सरांनी स्वतःसाठी काही ठेवले नसेल, हे मी मानतो. परंतु शाळेसाठी जमीन कुणी दिली, भिंतींचे दगड कुणी वाहिले, कौले कुणी चढवली आणि कन्नडचे ते गुरुजी कोण होते, हेही त्याच लेखात आले पाहिजे. ते गुरुजी हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जा. आपल्या वरिष्ठाला शब्द पाच वेळा लिहायला सांगणाऱ्या शिक्षकाचे धैर्यही लहान नव्हते.

प्रतिसाद : नंदगडची लेक

मलप्रभाकाठ दादा, आपण गावाचे नाव दिले नाही, तरी कन्नडच्या तासावरून मी शाळा ओळखली. मी आपल्यामागे तीन वर्षे होते.

आठवीनंतर माझे नाव काढायचे असे आमच्या बाबांनी ठरवले होते. पाद्री सर घरी आले. ते बाबांशी वाद घालायला बसले नाहीत, चुलीपुढे बसलेल्या आजीजवळ जाऊन त्यांनी तिची विचारपूस केली. माझे काका तेव्हा मुंबईच्या गिरणीत होते आणि १९८२ चा संप सुरू झाल्यापासून त्यांच्या पत्रांकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले असत. ती पत्रे मी वाचून दाखवीत असे. पाद्री सरांनी आजीला एवढेच विचारले, “पुढची पत्रं इंग्रजी पत्त्याची, कोर्टाच्या कागदाची आली तर कोण वाचील, आये?” आजीने बाबांकडे पाहिले. जूनमध्ये मी नववीत बसले. पुढे मी परिचारिका झाले आणि आता निवृत्त आहे.

परंतु दुसरी गोष्टही मला सांगितलीच पाहिजे. पाद्री सरांच्या हातात छडी असे आणि ती हलकी नव्हती. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी एकदा सगळ्या शाळेपुढे मारले, आणि ज्या चोरीसाठी मारले ती त्याने केलेली नव्हती. तो दुसऱ्या दिवशी शाळेत गेला नाही, तो पुन्हा कधीच गेला नाही. मला ज्यांनी शाळेत परत आणले त्यांच्यामुळेच माझा भाऊ शाळेबाहेर राहिला. या दोन गोष्टी मी इतकी वर्षे मनात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. आपण लेख लिहाल तेव्हा फक्त पहिली लिहू नका, एवढी विनंती आहे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपले लिहिणे वाचून दोन दिवस मला उत्तर सुचले नाही.

शनिवारी मी शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दिले. पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेली एकतीस मुले होती आणि त्यांत मुली दोनच होत्या. आपल्या वर्षीच्या पानावर मी मोजल्या तेव्हा सतरा भरल्या. कन्नडचे गुरुजी खानापुरात मुलाकडे असतात, पुढच्या रविवारी त्यांना भेटायचे ठरले आहे. शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न त्यांनाच विचारेन. प्रार्थनेविषयी मला आठवते ते मी लिहून काढले आहे आणि ते समितीपुढे वाचून दाखवणार आहे. पाद्री सर मिशनरी होते हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात येईल.

ताई, आपल्या भावाची नोंदही मला सापडली. शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण हे दोन्ही रकाने कोरे आहेत. समासात मात्र पेन्सिलीने, पाद्री सरांच्या त्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, ‘घरी जाऊन आलो’ असे लिहिले आहे आणि खाली चार तारखा आहेत. शेवटची तारीख त्या मार पडलेल्या वर्षानंतरच्या जूनमधली आहे. आपण त्यांना हे सांगावे आणि यातले काय छापायचे, काय छापायचे नाही, ते त्यांनाच विचारून मला कळवावे.