सिबिलमधली चूक बँकेची, मग निस्तरायची आम्ही का?

उद्यमबागवाला: चुलतभावाचं ट्रॅक्टरचं कर्ज नाकारलं. सिबिलच्या अहवालात, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं त्याच्या नोंदीत, एक वैयक्तिक कर्ज थकीत दिसतंय, जे त्यानं घेतलेलंच नाही. गावात त्याच्याच नावाचा आणखी एकजण आहे, बापाचं नावही तेच. शाखेत म्हणतात, तक्रार करा, कागद आणा. आधार, पॅन सगळं त्यांच्याकडंच आहे की! ज्यानं चुकीचं नोंदवलं त्यानं निस्तरावं. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दरवर्षी अहवाल तपासा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

हिशेबनीस: राग पटतो, खरं हात बांधून बसणं पटत नाही. जुन्या खात्यांना बऱ्याचदा पॅन जोडलेला नसतो. मग नाव, जन्मतारीख, पत्ता यांवरच जुळवणी होते आणि सारख्या नावांची गल्लत होते. आपल्याकडं बेळगावात येळ्ळूर, उचगाव भागात एकाच नाव-आडनावाची माणसं कमी आहेत का?
दुसरं म्हणजे, आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, खरं कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एकीकडं चूक असेल आणि दुसरीकडं नसेल, असंही होतं. म्हणून चारही बघा.

नवखा: सारखं बघितलं तर स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, उतरतात म्हणे?

हिशेबनीस: स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं उतरत नाही. चार ठिकाणी कर्जाला अर्ज टाकलात तर मात्र उतरू शकतो.

खानापूरकर: ऑनलाइन तक्रारीचा काही उपयोग नाही. आमच्या वडिलांचं पीककर्ज २०१८ च्या कर्नाटकच्या कर्जमाफीत मिटलं, तरी अहवालात थकीतच. तक्रार टाकली तर उत्तर आलं, बँकेनं नोंद बरोबर असल्याचं कळवलंय. ज्याची चूक त्यालाच विचारून निकाल! शेवटी शाखेत ठाण मांडून बसलो, मग हललं.

हिशेबनीस: बँकेनं मान्य केल्याशिवाय सिबिलसारख्या कंपनीला नोंद बदलता येत नाही, म्हणून तसं झालं. दोन्हीकडं एकाच वेळी लेखी द्यायचं. तक्रार ३० दिवसांत मिटली पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेचे. त्यापुढं उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

उद्यमबागवाला: शंभर रुपये! नांगरटीचा हंगाम हातचा गेला त्याचं काय?

सडेतोड: सगळ्यांनाच आपली नोंद चुकीची वाटते, हेही बोला की. बँकेशी तडजोड करून व्याज सोडवून घेतलं, की अहवालात 'सेटल्ड' येणारच, 'क्लोज्ड' येत नाही. ती चूक नव्हे. पुसायची असेल तर राहिलेली रक्कम भरा, नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घ्या आणि मग नोंद बदलायला सांगा. मित्राला जामीन राहिलात आणि त्यानं हप्ते बुडवले, तेही तुमच्या अहवालात येतं. अशीच मंडळी 'सिबिल क्लिअर करून देतो'वाल्या एजंटाकडं पैसे घालतात. खरी नोंद त्याला पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत.

निपाणीची सून: तुमचं सगळं कायद्याचं झालं. आमच्याकडं विडी वळणाऱ्या बायकांच्या गटात एकीच्या नावावर कर्ज निघतं आणि पैसे दुसरीच नेते. सही हिची, अंगठा हिचा. हप्ते थांबले की हिचं नाव खराब. ही चूक म्हणायची का खरी नोंद? आणि तपासणार कशी? मोबाईल नंबर पोराचा, ओटीपी पोराकडं, अहवाल इंग्रजीत.

सडेतोड: सही केली म्हणजे कर्ज तिचंच. कडू आहे, खरं तसंच आहे.

निपाणीची सून: कोऱ्या फॉर्मवर सही घेतली तरी?

हिशेबनीस: कोऱ्या फॉर्मवर घेतली असेल तर ती नुसती अहवालाची भानगड नाही, फसवणूक आहे. आधी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार आणि पोलिसांत अर्ज. अहवालाची दुरुस्ती त्याच्या मागून. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. वकील लागत नाही, फी नाही. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर फोन केला तर मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. इंग्रजीचा अडसर तिथं तरी नाही.

उद्यमबागवाला: म्हणजे शेवटी पायपीट आमचीच.

खानापूरकर: पायपीट करणारच असाल तर एक ध्यानात ठेवा. लोकपालाकडं बँकेला लेखी दिल्याचा पुरावा लागतो, आणि शाखेत पोच द्यायला का-कू करतात. काउंटरवर हुज्जत घालू नका. स्पीड पोस्टानं पाठवा आणि तोच मजकूर ईमेलही करा.